तांबडीची अंडी आणि कळंबचं मशीन

हसायचं असलं तर खुशाल हसा, पण चहाची कपबशी आधी खाली ठेवा. मागं हा किस्सा पारावर सांगितला तर एकाच्या नाकातनं चहा आला आणि वर त्याच्या बायकोनं मलाच झापलं. तिचंही बरोबर आहे. चूक सगळी माझीच. म्हातारा माणूस रस्त्यानं चाललाय आणि मागून कुणीतरी कोंबड्यासारखं आरवतंय, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का? माझ्या बाबतीत रोज होतं.

सुरुवातीपासून सांगतो. मला घाईनं सांगता येत नाही.

बेंबळीच्या पलीकडं आमचं गाव. घरात मी आणि माझी बायको सोजर. एक मुलगी, ती लग्न होऊन सोलापूरकडं. सोजरचं माहेर लोहाऱ्याकडचं. लग्न होऊन आली तेव्हा पाटीत झाकून एक कोंबडी बरोबर घेऊन आली. गाडीत सगळ्या वाटेनं ती कोंबडी ओरडत होती आणि माझे दोस्त म्हणत होते, "नवरी गप हाय, कोंबडीच रडायली." त्या कोंबडीची पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं, अशा आमच्या अंगणात कोंबड्या राहिल्या त्या राहिल्याच. सोजरनं बाजारातनं कोंबडी कधी विकत आणली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "माज्या आईच्या घरची हायेत ही."

कोंबड्यांचं सगळं खातं तिच्याकडं. कुठली खुडूक झाली, म्हणजे अंड्यावर बसायला आली, कुणाची अंडी कुणाखाली ठेवायची, कधी ठेवायची, सगळं तिच्या डोक्यात. मला बैल कळतात, म्हशी कळतात, आभाळाचं थोडंफार कळतं. कोंबडी मला फक्त ताटात कळायची.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला सोजर गेली. दुखणं झालं आणि गेली. अहेव गेली, भरल्या कपाळानं गेली, बायका म्हणाल्या भाग्याची. ज्याच्या नावानं कुंकू लावायचं तो दारात बसलेला आणि लावणारी गेली, यात भाग्य नेमकं कुणाचं ते मला अजून उमगलेलं नाही.

तिच्या मागोमाग कोंबड्यांत मानमोडी आली. हा त्यांचा रोग. मान वाकडी होते, कोंबडी गिरक्या घेते आणि मरते. दरवर्षी सोजर कोंबड्यांना लस टोचून घ्यायची. या वर्षी घरात दिवसकार्य, पाहुणे, रडारड. कुणाच्या ध्यानात राहणार? एकामागं एक सगळ्या गेल्या. राहिली एक तांबडी. म्हातारी, एका डोळ्यानं अधू, आणि तिची खोड अशी की ती जन्मात कधी खुडूक झाली नव्हती. अंडं घालायची, दोनदा ओरडायची आणि निघून जायची. तिची अंडी सोजर दुसरीखाली ठेवायची. आता दुसरी कुठली आणणार?

म्हणजे बघा, लग्नात पाटीत बसून आलेलं ते माहेर या एका म्हाताऱ्या कोंबडीवर येऊन थांबलं होतं. ती गेली की सोजरच्या हातचं, जितंजागतं असं, घरात काही उरणार नव्हतं. मी मनाशी ठरवलं, हिची पिल्लं काढायची. काही झालं तरी काढायची.

इथवर माणूस शहाणा वाटतोय की नाही? आता पुढं ऐका.

पहिलं काम मी काय केलं, तर तांबडीला कोंडली. एकदा कुत्र्यानं तिच्या शेपटीची पिसं ओढली होती, तेव्हापासून जिवाला घोर. पुढच्या खोलीत डालगं पालथं घातलं, डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी टोपली, त्याखाली ती. ज्वारी, पाणी, भाकरीचा कुस्करा सगळं जागेवर. दिवस कलला की पायाला सुतळी बांधून अंगणात फिरवायला काढायचो. येणारे-जाणारे विचारायचे, "तात्या, चराया सोडली व्हय?"

मी म्हणायचो, "व्हय." आपलं काय जातंय.

पण एक वैरी होता. कौसाबाईचा कोंबडा.

कौसाबाई आमची शेजारीण. सोजरच्याच माहेरगावची, तिला अक्का म्हणायची, म्हणून नात्यानं माझी मेहुणी आणि मी तिचा दाजी. तिचा तो कोंबडा लालभडक, मानेवर पिवळी पिसं, आणि चाल अशी की सगळी गल्ली त्याच्या नावावर आहे. मी तांबडीला अंगणात काढली की हा हजर. एक पंख जमिनीला घासत तिच्याभोवती फेऱ्या मारायचा आणि जरा माझी नजर हलली की तिच्या पाठीवर चढून मानेची पिसं चोचीत धरायचा. तांबडी ओरडायची.

एका डोळ्यानं अधू म्हातारीला असं कुणी छळतं का? मी काठी घेऊन धावायचो. पुढं पुढं तर उंबऱ्याजवळ दगडांचा ढीगच करून ठेवला. त्याला अंगणाच्या आत पाऊल म्हणून टाकू दिलं नाही.

तुम्ही म्हणाल, तात्या, सगळा जन्म खेड्यात गेला, तुम्हाला एवढंही कळू नये? कळत होतं हो. गाईला वळू कधी दाखवायचा ते लोक मला विचारायला यायचे. पण ते कळणं एका खोलीत होतं आणि मी दुसऱ्या खोलीत बसलेलो होतो. त्या दिवसांत कुणी कुणाला दुखवलेलं मला बघवत नव्हतं, एवढीच गोष्ट.

एक दिवस दगड नेमका त्याच्या पायाला बसला. लंगडत घरी गेला. लगेच कौसाबाई आली, हाताला पीठ तसंच.

"दाजी, मुक्या जिवाला दगूड मारायलाव?"

"तुजा कोंबडा आधी आवर. तांबडीची मान सोलली त्यानं."

"ते तिच्या बऱ्यासाठीच हाय, दाजी."

"पिसं उपटून कसलं आलंय बरं?"

कौसाबाईच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण मेहुणी झाली तरी बाईमाणूस, समोर पिकल्या केसांचा दाजी, आणि विषय असला. फोड करून सांगणार कशी? ती म्हणाली, "अक्का असती तर तिनं तुमाला सांगितलं असतं."

मला ते लागलं. मी म्हणालो, "तिचं नाव काढू नगंस."

ती गेली. तिनं कोंबडा दोरीनं बांधून घातला आणि माझ्याशी बोलणं सोडलं. मला वाटलं, चला, जिंकलो.

आता मशीनचं. कळंबला माझा भाचा आहे, बालाजी. जळालेल्या पंपाच्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे त्याचं. फोनवर मी रडगाणं गायलं तर तो म्हणाला, "मामा, आता कोंबडी लागतच न्हाय. अंडी उबवायचं मशीन मिळतंय. तुमी निसतं या." मी एसटीनं धाराशिव, तिथनं कळंब. त्यानं मला एका ओळखीच्या दुकानात नेलं.

तिथं तीन मशीनं मांडलेली. एक थर्माकोलचं खोकं, आत बल्ब. एक प्लास्टिकचं, वरून आरपार दिसणारं झाकण, आत पंखा. तिसरं लोखंडी, कपाटाएवढं.

मी म्हटलं, "चालू करून दावा."

चालू केली. मी डोळे मिटून एकेकात हात घातला. दुकानदार म्हणाला, "आजोबा, हात काढा, शॉक बसंल."

बालाजी कानाशी म्हणाला, "मामा, काय बघायलाव?"

"ऊब."

खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घालून बघ, असं सोजरनं मला एकदा सांगितलं होतं आणि मी घातला होता. ती ऊब हाताच्या ध्यानात होती. थर्माकोलचं खोकं एका कोपऱ्यात पोळत होतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात गार. कपाटातली ऊब चांगली होती, पण तेवढ्या कपाटात माझी चार-सहा अंडी म्हणजे मंगल कार्यालयात दोन पाहुणे. प्लास्टिकच्यात पंख्यामुळं चहूकडं सारखी होती. हात सांगत होता, हेच.

"लाइट गेल्यावर?" मी विचारलं.

"बॅटरी जोडता येती, आजोबा."

"आन् अंडी फिरवायची कशी?"

"ते त्याचं तेच फिरवतंय. तुमी बघायचंबी न्हाय."

"मग म्या काय करायचं?"

"कायबी न्हाय करायचं. आराम करा."

हे मला आवडलं नाही. काहीच न करायचे दिवस घरात लई झाले होते. मी विचारलं, "हातानं फिरवायचं मिळंल का?" दुकानदारानं आतनं धूळ झटकत एक काढलं. त्याच जातीचं, पण अंडी हातानं फिरवायचं. कुणी घेत नाही म्हणून मागं पडलेलं. मी ते घेतलं. दुकानदारानं बालाजीकडं बघून मान हलवली, म्हाताऱ्याला काय कळत नाही म्हणून. त्याला वाटलं तर वाटू दे.

बालाजी मशीन मांडून द्यायला घरी आला. म्हणाला, "मामा, अंडी ताजी पायजेत. आठवड्याच्या आतली. त्याच्या आधीची ठेवू नका, पिल्लू निघंल न निघंल."

माझ्याकडं गाडग्यात कोंडा घालून दोन थरांत अंडी ठेवलेली. खालची जुनी, वरची नवी. आठवड्याच्या आतली म्हणजे वरची. ती काढून घेतली. खालच्यांचं काय करायचं? भाचा दिवसकार्यानंतर पहिल्यांदा घरी आलेला, एवढं काम करून देणारा, त्याला उपाशी लावून द्यायचा का? आणि मला स्वैपाक म्हणून एकच येतो. जुन्या अंड्यांचा मी झणझणीत रस्सा केला. बालाजीनं दोनदा मागून घेतला. म्हणाला, "मामा, मामीच्या हातासारखा झालाय." मला बरं वाटलं. हा रस्सा तुम्ही ध्यानात ठेवला नाही तरी चालेल, गाव ठेवून आहे.

मग मशीन. मला आकडे वाचता येत नाहीत आणि मशीनमधल्या तापमापीला काटा. बालाजीनं इकडंतिकडं बघितलं. आरशाच्या चौकटीला सोजरनं चिकटवलेल्या टिकल्या तशाच होत्या. त्यातली एक काढून त्यानं तापमापीवर लावली.

"मामा, काटा टिकलीवर असला की समदं बराबर. म्होरं गेला तर झाकण वाईच उघडा. मागं सरला तर मला फोन लावा."

अंड्याची कुठली बाजू वर होती ते समजायला पेनानं फुली मारायची होती. आमच्या घरात पेन कुठला? मी कुंकवाची डबी काढली. अहेव गेलेल्या बाईचं कुंकू, टाकवत नव्हतं, वापरणार कोण? प्रत्येक अंड्याला एका अंगाला बोट लावलं. सकाळी कुंकू वर, दुपारी खाली, संध्याकाळी परत वर, दुसऱ्या दिवशी उलटं.

बालाजी म्हणाला, "मामा, मशीन हाय का देव्हारा?" आणि जाता जाता सांगून गेला, "आठवड्यानं अंधारात बॅटरी लावून बघा. आत तांबड्या शिरा दिसल्या म्हंजी जीव धरलाय."

मी हो म्हटलं, पण बघितलं नाही. पोटातल्या लेकरावर कुणी बॅटरी मारतं का? दिष्ट लागते. आणि तो गेल्यावर सोजरची एक गोष्ट आठवली. अंडी बसवली की ती शेजारी कोळशाचा तुकडा आणि लोखंडी खिळा ठेवायची. वीज कडाडली की आतला जीव भेदरतो, लोखंडानं त्याला धीर येतो म्हणायची. थंडीचे दिवस, आभाळात ढगाचं नाव नाही. तरी मी कोळसा आणि एक जाड खिळा आत जाळीवर ठेवला. तिनं केलं असतं ते सगळं व्हायला पाहिजे होतं.

तीन आठवडे मी त्या मशीनपाशी होतो. पारावर जायचं बंद केलं. ताटलीतलं पाणी आटलं की पाणी घालायचो. लाइट गेली की बॅटरी जोडायचो आणि वर सोजरची वाकळ पांघरायचो, थंडी वाजू नये म्हणून. कुणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं तर सांगायचो, "यायला जमायचं न्हाय, घरी अंडी हायेत." आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून, काटा दिसेल अशी. आणि हे सगळं चाललंय त्या खोलीत तांबडी डालग्याखाली ज्वारी खाऊन निजलेली. तिला त्या अंड्यांशी काही देणंघेणं नव्हतं.

शेवटच्या दिवसांत अंडी फिरवायची नाहीत, झाकण उघडायचं नाही, असं बालाजीनं बजावलं होतं. मी गुडघ्यांवर हात ठेवून बसून होतो. आणि एके दुपारी आवाज आला.

टिक. थोडं थांबून, टिक टिक.

मी झाकणाला कान लावला. पिल्लू आतनं चोचीनं कवच ठोकतं, हे मला सोजरनं सांगितलेलं. टिक टिक टिक. पायात चप्पल न घालता मी पारावर गेलो आणि सांगितलं, "ठोकायलेत. तांबडीची पिल्लं ठोकायलेत."

मग काय विचारता. सगळं गाव लोटलं. एकेक जण झाकणाला कान लावायचा आणि डोळे मोठे करायचा. "व्हय की. ठोकायलंय." कुणी म्हणालं, दोन असतील, आवाज घाईचा आहे. माझ्या एका दोस्तानं विचारलं, "तात्या, बारसं कवा?" बायकांनी सोजरची आठवण काढून डोळ्यांना पदर लावला. मी घरातली होती ती सगळी साखर वाटली. मुलीला फोन लावून तो झाकणाला टेकवला, तिकडं सोलापूरकडं ती ऐकून रडली.

दिवस कलला. टिक टिक चालूच. वाढत नाही, थांबत नाही. कवचाला तडा नाही, भोक नाही.

तेवढ्यात गर्दीतनं वाट काढत कौसाबाई आली. माझ्याशी बोलत नव्हती, पण अक्काच्या घरची पिल्लं निघतायत म्हटल्यावर तिला राहवलं नाही. झाकणाला कान लावला. वाकून आत बघितलं. मग मला न विचारता झाकण काढलं.

मी म्हणालो, "अगं, उगडू नगंस."

तिनं आत हात घातला आणि खिळा बाहेर काढला. टिकटिक बंद झाली.

पंख्याच्या हादऱ्यानं खिळा हळूहळू सरकत त्याच्याच पात्याला लागत होता. सगळ्या गावानं दुपारभर कान लावून त्या खिळ्याची नाडी ऐकली होती, आणि माझी मुलगी त्याच्यासाठी रडली होती.

कौसाबाईनं एकाच्या मोबाइलची बॅटरी लावून घेतली, मुठीत अंडं धरून उजेडावर बघितलं. दुसरं बघितलं. तिसरं. सगळी बघून झाली तेव्हा बोटांना कुंकू लागलेलं.

"दाजी, ह्यात कायबी न्हाय. निसतं पाणी हाय."

"मंग मशीन बिघडलं म्हणायचं."

ती माझ्याकडं बघून, अगदी हळू आवाजात म्हणाली, "मशीन ऊब दील, दाजी. बाप कुटनं दील?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो लाल कोंबडा, तो पंख घासणं, ते दगड, सगळं एकदम समोर आलं. माझ्या आधी ते गावाच्या ध्यानात आलं होतं. एक जण फुसकन हसला, मग दुसरा, मग सगळी खोली. माणसं भिंतीला टेकून हसली. मीही हसलो. काय करणार?

हसणं ओसरलं तेव्हा कौसाबाईनं विचारलं, "कोंडली त्या सुमारची अंडी कुटं हायेत? कोंबडा तुटल्यावरबी आठ-धा दिवस अंड्यात जीव धरतो. त्यातली एखाद-दुसरी निगाली असती."

मी जमिनीकडं बघत म्हणालो, "बालाजीला रस्सा केला."

परत एकदा हसू फुटलं, पण मध्येच बारीक झालं. ज्यांत जीव होता ती मी मसाला घालून शिजवली होती, आणि ज्यांत काही नव्हतं त्यांना कुंकू लावून वाकळ पांघरली होती. माझ्या तोंडाकडं बघून माणसं एकेक करून उठली. जाताना कुणी खांद्यावर हात ठेवला.

कौसाबाई मागं राहिली. अंडी पाटीत काढता काढता म्हणाली, "त्या दिशी म्याच बोलाया पायजे हुतं. लाज वाटली."

"तू बोलली असतीस तरी म्या आईकलं नसतं," मी म्हणालो. ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला पटका बांधून, वाटीत ज्वारी घेऊन मी तिच्या दारात गेलो.

"कौसाबाई, सोयरीक घेऊन आलोय."

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "नवरदेवाचा पाय मोडून ठिवलाव, आन् आता सोयरीक?"

"चुकलं."

"मला काय सांगायलाव, त्येला सांगा."

नवरदेवानं मला बघितलं आणि दोरी ताणून चुलीमागं दडला. मी वाटी पुढं ठेवून बराच वेळ उकिडवा बसलो. कौसाबाई हसून हसून लाल झाली. शेवटी तिनंच त्याला काखेत धरून आमच्या अंगणात आणून सोडला. मी तांबडीची सुतळी सोडली आणि दोघांकडं पाठ करून बसलो. तेवढी तरी मर्यादा पाळायला नको का?

तेव्हापासून डालगं नाही, सुतळी नाही. तांबडी दिवसभर मोकळी. मी रोज सकाळी गाडग्यामागं, कडब्याच्या गंजीत, चुलीच्या मागल्या अंगाला हात घालून बघायचो. काही नाही. थंडी सरली. होळी झाली. उन्हं चढली. तांबडीनं पिसं टाकली, नवी आली, पण डोक्यावरचा तुरा फिका पडला तो पडलाच. एक दिवस कौसाबाईनं तिला मांडीवर घेतलं, पोटाखालची हाडं बोटांनी चाचपली आणि खाली सोडली.

"दाजी, हिचं सरलं आता. लई वय झालं."

"कायच व्हायचं न्हाय?"

"न्हाय."

बस, एवढंच. तांबडी माती उकरत होती. तिला त्याचं काही नव्हतं.

मशीन कोपऱ्यात पडून होतं. कौसाबाईच म्हणाली, "माजी अंडी ठिवा. हाताला काम ऱ्हाईल." मी ठेवली. कुंकू लावलं, काटा टिकलीवर आणला. आठवड्यानं गुपचूप बॅटरी लावून बघितली, तांबड्या शिरा होत्या. खिळा ठेवला नाही. आणि खरंच कवचं तडकली, ओली ओली पिल्लं बाहेर आली. पिवळी, काळी, एक ठिपक्यांचं. त्यांत माझ्या घरचं एकही नव्हतं, तरी मी प्रत्येकाला तळहातावर घेऊन बघितलं.

आता मशीनमधल्या पिल्लाचं एक असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला आई ठाऊक नसते. झाकण उघडल्यावर पहिलं तोंड दिसलं ते माझं. मी उठलो की ती उठतात, मी चाललो की मागं चालतात. पारापर्यंत येतात. पांढऱ्या मिशांचा माणूस पुढं आणि मागं ही वरात, गावाला दुसरी करमणूक लागत नाही. ऊन उतरलं की त्यांना गारवा बाधतो, मग मी ओट्यावर मांडी घालून बसतो आणि ती सगळी माझ्या धोतरात शिरून निजतात.

परवा असाच बसलो होतो. कौसाबाई दारातनं म्हणाली, "दाजी, भाकरी निवायली. उठा, जेवून घ्या."

"उठू कसा? आताच निजलेत."

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दाजी, तुमी खुडूक झालाव."

खरं होतं. सोजरची एखादी कोंबडी अशी खुडूक व्हायची की खाली एक अंडं नसलं तरी जागा सोडायची नाही. खायची नाही, उठायची नाही, नुसती बसून. सोजर तिला पंखांना धरून हौदात बुडवायची. एकदा, दोनदा, चांगली चिंब. मी म्हणायचो, "बसू दे की बिचारीला, कशाला छळतीस?" तर म्हणायची, "बसून बसून मरंल ती. उटवावंच लागतंय." मग ती कोंबडी अंग झाडायची आणि दाणे टिपायला जायची.

मला धरून बुडवणारी आता घरात कुणी नाही. म्हणून अजून बसलोय.